मालकाचा स्वभाव आणि धंद्याची चाल

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय तसा घरगुती आहे. ज्यांच्या घरात दुकान आहे, वर्कशॉप आहे, छापखाना आहे, त्यांनी तो जेवताना ऐकलेला असणार. "बाबांचा स्वभावच तसा, म्हणून धंदा वाढला नाही." नाहीतर, "आजोबा जिद्दी होते म्हणून आपण इथवर आलो." धंद्याचं बरं झालं काय आणि वाईट झालं काय, आपलं पहिलं बोट जातं ते मालकाच्या स्वभावाकडे. ते बोट योग्य जागी जातं का, हे मला आज तपासायचं आहे.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. मी प्राध्यापक नाही. माझी नोकरी बँकेत झाली आणि त्यातली बरीच वर्षं कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या पट्ट्यात लघुउद्योगांची कर्जं बघण्यात गेली. कर्ज देताना पाच गोष्टी बघायच्या असं आम्हाला शिकवलेलं होतं, सगळ्या इंग्रजी 'सी'वरून सुरू होणाऱ्या. कॅरॅक्टर, कपॅसिटी, कॅपिटल, कोलॅटरल आणि कंडिशन्स. यातल्या चार गोष्टींना कागद लागायचा. ताळेबंद, सात-बारा, ऑर्डरची प्रत, काहीतरी. कॅरॅक्टरला मात्र आमचा शब्दच पुरायचा. तिथे आम्ही दोन ओळी लिहायचो: 'मालक कष्टाळू व निर्व्यसनी आहे. धंद्याची उत्तम जाण आहे.' या दोन ओळी मी किती फाइलींवर लिहिल्या असतील, गणती नाही. त्यातल्या एका फाइलीबद्दल आज बोलणार आहे. त्या ओळी खोट्या नव्हत्या. तरीही माझा निर्णय चुकला.

पण त्याआधी एका जुन्या शोधनिबंधाकडे जाऊ, कारण त्यानेच मला ती फाइल पुन्हा मनात उघडायला लावली.

क्यूबेकमधल्या ९७ कंपन्या

डॅनी मिलर आणि झाँ-मारी तूलूझ या दोन कॅनडातल्या अभ्यासकांनी १९८६ साली 'मॅनेजमेंट सायन्स' या नियतकालिकात एक निबंध लिहिला. विषय सरळ होता: लहान कंपनीच्या प्रमुखाचं व्यक्तिमत्त्व, आणि त्या कंपनीचं धोरण व रचना, यांचा संबंध काय? त्यांनी क्यूबेक प्रांतातल्या ९७ कंपन्या घेतल्या आणि प्रमुखाचे तीन गुण मोजले.

पहिला, लवचिकपणा. म्हणजे माणूस किती मोकळा, किती चटकन वळणारा. दुसरा, काहीतरी करून दाखवण्याची आस. तिसऱ्याला इंग्रजीत 'लोकस ऑफ कंट्रोल' म्हणतात. आयुष्यात जे घडतं ते माझ्या करण्याने घडतं, की नशिबाने, वरच्या लोकांच्या मर्जीने घडतं, याबद्दल माणसाचा आतला समज काय, ते.

त्यांना काय दिसलं? लवचिक माणसांच्या कंपन्या बाजाराचा एखादा छोटा कोपरा पकडून राहतात, धोका पत्करतात, आणि त्यांचा कारभार बिनकागदी, तोंडी असतो. करून दाखवण्याची आस असलेल्यांच्या कंपन्या बाजारात पसरतात, जाहिरात-विक्रीवर जोर देतात, आणि तिथे नियम, खाती, आराखडे जास्त असतात. आणि 'माझ्या हातात आहे' असं मानणारे लोक नवी उत्पादनं काढतात, पुढचं बघतात. शेवटची गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची. हे संबंध सगळ्यात ठळक दिसले ते लहान कंपन्यांत, आणि जिथे बाजार सतत हलत असतो अशा ठिकाणी.

हे वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, यात नवीन काय? हे तर आमच्या शाखेतला शिपाईसुद्धा सांगायचा. पण नीट बघा. मोठ्या कंपनीत साहेबाच्या डोक्यातला विचार कामगाराच्या हातापर्यंत पोचेतो मध्ये दहा टेबलं असतात. प्रत्येक टेबलावर तो थोडा घासला जातो. लहान धंद्यात मध्ये टेबलच नाही. खरेदी मालक करतो, दर मालक सांगतो, उधारी द्यायची की नाही हे मालक गिऱ्हाइकाचा चेहरा बघून ठरवतो. मालकाला सकाळी राग आला की अकरा वाजता त्याचं धोरण झालेलं असतं. (हशा) म्हणून लहान धंद्यात स्वभाव मोजणं म्हणजे एका अर्थी धोरण मोजणंच आहे. या निबंधाची ही मोठी कामगिरी. धोरण म्हणजे थंड डोक्याने, आकडे मांडून केलेली निवड असते, असं शिकवणाऱ्या पुस्तकांना त्याने चांगला धक्का दिला.

त्या काळात हा विचार अनेकांच्या मनात घोळत होता. दोन वर्षं आधी, १९८४ मध्ये, हॅम्ब्रिक आणि मेसन यांनी मांडलं होतं की संस्था ही तिच्या वरच्या माणसांचं प्रतिबिंब असते. आणि १९८५ मध्ये मॅनफ्रेड केट्स द व्रीस यांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त उद्योजकतेच्या काळ्या बाजूवर लेख लिहिला. ज्या गुणांनी माणूस धंदा उभा करतो, म्हणजे सगळं आपल्या हातात ठेवणं, कुणावर विश्वास न टाकणं, टाळ्यांची भूक, तेच गुण पुढे त्याच्या धंद्याच्या गळ्याशी येतात, असा त्यांचा रोख होता.

म्हणजे स्वभाव धोरण घडवतो, हे मी मान्य करतो. माझी तक्रार पुढची आहे.

बाण कुठून कुठे

पहिली तक्रार. समजा दहा कंपन्या बघितल्या आणि 'माझ्या हातात आहे' असं म्हणणाऱ्या मालकांच्या कंपन्या नवी उत्पादनं काढताना दिसल्या. त्यातून बाण स्वभावाकडून धंद्याकडे जातो हे सिद्ध झालं का? ज्याचा माल खपतो, ज्याचे पैसे वेळेवर येतात, त्या माणसाला हळूहळू वाटायला लागतंच की जग आपल्या हातात आहे. आणि ज्याचं बिल चार-चार महिने अडकतं, तो म्हणायला लागतो की आपल्या हातात काय आहे बाबा. स्वभाव बऱ्यापैकी टिकाऊ असतो, म्हणून बाण स्वभावाकडूनच निघत असणार, असं अभ्यासक म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. तीस वर्षं एकाच माणसाकडून हप्ता घेताना त्याचा स्वभाव बदललेला मी बघितला आहे.

दुसरी तक्रार मोजमापाची. हा 'हातात आहे की नाही' वाला समज मोजायला ज्यूलियन रॉटर यांची १९६६ सालची प्रश्नावली सर्रास वापरतात. त्यात वाक्यांच्या २९ जोड्या असतात. त्यातल्या सहा नुसत्या भरतीच्या, म्हणजे कशासाठी विचारतायत ते कळू नये म्हणून घातलेल्या. प्रत्येक जोडीतलं एक वाक्य निवडायचं. आता ही प्रश्नावली घेऊन तुम्ही इचलकरंजीत एखाद्या मागवाल्याकडे जा. चाळीस माग, दोन मुलगे धंद्यात, कर्ज फिटलेलं. त्याला विचारा, हे कशाने झालं? तो हात जोडून म्हणणार, "सगळी देवाची कृपा." दुसरं काही म्हणणं आपल्याकडे उद्धटपणा समजतात. कागदावर तो दैववादी ठरणार. आणि तोच माणूस सुताचा भाव दोन रुपयांनी हलला तर रात्री अकराला व्यापाऱ्याला फोन लावतो. (हशा) देवाची कृपा ही त्याची बोलायची रीत आहे. कारभाराची रीत वेगळी. प्रश्नावलीला रीत ऐकू येते, कारभार दिसत नाही.

तिसरी तक्रार मला सगळ्यात मोठी वाटते. ती समजायला त्या फाइलीकडे जावं लागेल.

तात्यांची फाउंड्री

गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. आपण त्यांना तात्या म्हणू. सगळे म्हणायचेच तसं. कोल्हापूरच्या परिसरात फाउंड्री होती. बीडाचं कास्टिंग. पॅटर्नमेकर म्हणून सुरुवात केलेला माणूस, पुढे स्वतःची भट्टी टाकली. हाताला विलक्षण जाण. वितळलेल्या लोखंडाचा रंग बघून सांगायचे, आज रिजेक्शन जास्त येणार. आणि यायचं.

तात्यांना कागदाचा तिटकारा होता. सगळं तोंडी. गिऱ्हाईक मुळात एकच, एक मोठी कंपनी, आणि तिच्याशी संबंध वीस वर्षांचे. निबंधाच्या भाषेत सांगायचं तर लवचिक माणूस, बाजाराचा छोटा कोपरा, बिनकागदी रचना, धोका पत्करायची तयारी. पाठ्यपुस्तकात घालावं असं उदाहरण.

२००७ मध्ये कंपनीने सांगितलं, आम्हाला जास्त माल लागेल, चांगला माल लागेल. तात्यांनी कोळशाचा क्यूपोला काढून इंडक्शन फर्नेस घ्यायचं ठरवलं. कर्ज आमच्याकडे. त्यांचे दिवाणजी, हिशेब लिहिणारे गृहस्थ, मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, मालकांना जरा सांगा. एकाच कंपनीच्या जिवावर एवढं कर्ज नको. आणखी दोन गिऱ्हाइकं जोडू, मग घेऊ." मी तात्यांकडे विषय काढला. ते म्हणाले, "साहेब, वीस वर्षांत त्यांनी मला दगा दिला नाही. आता मी दुसऱ्याच्या दारात जाऊ?" मला ते बोलणं आवडलं. निष्ठावान माणूस, शब्दाचा पक्का. मी फाइलीवर त्या दोन ओळी लिहिल्या आणि कर्ज मंजूर केलं.

२००८ च्या अखेरीला मंदी आली. कंपनीची ऑर्डर निम्म्यावर आली, मग त्याच्याही निम्म्यावर. पैसे साठ दिवसांनी यायचे ते एकशे वीस दिवसांनी यायला लागले. आता लक्षात घ्या, सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा २००६ मध्येच आलेला होता. लहान पुरवठादाराचे पैसे कराराने ठरवलं तरी ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत, आणि लांबवले तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावं लागतं. मी तात्यांना म्हटलं, अर्ज करा. ते म्हणाले, "साहेब, भांडून कुठं धंदा होतो का?" विजेचं बिल थकलं, आमचा हप्ता थकला. नव्वद दिवस झाल्यावर खातं एनपीए झालं. पुढच्या वर्षी भट्टी विकली. तीस-बत्तीस कामगार होते.

गावात काय म्हणाले? "तात्यांचा स्वभाव नडला." तेव्हा मीही तेच म्हणत होतो.

आता उलटं बघू. त्याच वसाहतीत दुसरे एक फाउंड्रीवाले होते. स्वभावाने संशयी. कुणावर विश्वास नाही. कुठल्याच गिऱ्हाइकाला एकूण मालाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त द्यायचे नाहीत, कारण "उद्या त्यानं बुडवलं तर?" सहकारी त्यांना हसायचे. २००८ मध्ये ते तरले. लगेच लोक म्हणायला लागले, किती दूरदर्शी माणूस! दूरदृष्टी वगैरे काही नव्हतं हो. तो जुनाच संशय होता, त्या वर्षी कामाला आला. आणि दोन-तीन वर्षांनी त्याच संशयापायी त्यांचा जुना फोरमन सोडून गेला, मुलगाही पुण्यात नोकरीला लागला. तेव्हा लोक पुन्हा म्हणाले, "स्वभाव नडला."

माझी तिसरी तक्रार ही. स्वभाव तोच राहतो, आणि त्याचं नाव मात्र निकाल लागल्यावर ठेवलं जातं. जिंकला तर निष्ठा, हरला तर भोळेपणा. तरला तर दूरदृष्टी, बुडाला तर संशयीपणा. आणि हरलेल्या माणसाच्या स्वभावाकडे बोट दाखवलं की बाकीचे सगळे सुटतात. एकशे वीस दिवस पैसे अडकवणारी कंपनी सुटते. कर्ज देणारा मीही सुटतो. ज्याच्याकडे एकच गिऱ्हाईक आहे तो भांडत नाही यात स्वभाव किती आणि अगतिकता किती? दहा गिऱ्हाइकं असती तर तात्या भांडले असते का? मला वाटतं, भांडले असते. निदान आवाज तरी चढवला असता.

नांगराची दोन वर्षं

आता यशाच्या गोष्टीकडे येऊ, कारण आपल्याकडे स्वभावाची जास्तीत जास्त पूजा होते ती यशोगाथांत. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण घेतो, कारण ते बहुतेकांना माहीत आहे आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे.

ठरलेली गोष्ट अशी सांगतात. मुंबईत जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेले, रंग ओळखण्यात दोष निघाला, मग यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बढती डावलली गेली, एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली, तर नोकरी सोडून बेळगावला आले. कडबा कापायचं यंत्र काढलं, लोखंडी नांगर काढला. शेतकरी म्हणाले, लोखंडाने जमीन नासेल. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. पण माणूस हटला नाही. निष्कर्ष: जिद्द.

सगळं खरं आहे. पण मी बँकेतला माणूस, मला वेगळा प्रश्न पडतो. ती दोन वर्षं घर आणि कारखाना कशावर चालला? उत्तर जिद्दीत सापडत नाही. ते सापडतं बेळगावच्या दुकानात आणि रामूअण्णांत. किर्लोस्करांचा उद्योगसमूह स्वतःची सुरुवात १८८८ पासून मोजतो, ती सायकलच्या धंद्याची. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, आणि त्यांचे भाऊ रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे, गिऱ्हाइकाला चालवायला शिकवायचे. एकाचा जीव यंत्रात, दुसऱ्याचा गिऱ्हाइकात. पाटी होती 'किर्लोस्कर ब्रदर्स', अनेकवचनी. आपण चरित्र मात्र एकवचनी वाचतो.

मग बेळगावात नगरपालिकेच्या हुकुमामुळे जागा सोडायची वेळ आली. इथे दुसरा कुणी असता तर गोष्ट संपली असती, आणि लोक म्हणाले असते, हट्टी माणूस होता, चांगली नोकरी सोडून नांगर करत बसला. गोष्ट संपली नाही, कारण औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मध्ये आले. कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर माळरान जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. दहा हजार, बिनव्याजी, १९१० साली! मी अशा अटींवर एकही कर्ज दिलेलं नाही. (हशा) देऊच शकत नव्हतो.

मग लक्ष्मणरावांच्या स्वभावाचं श्रेय काय? आहे, आणि ते आपण समजतो त्याहून वेगळ्या ठिकाणी आहे. या माणसाने आपल्याभोवती आपल्यासारखी नसलेली माणसं गोळा केली. व्यवस्थापन बघायला शंभोराव जांभेकर, हिशेबाला मंगेशराव रेगे, यंत्रकामाला शिक्षण अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर. वाडीच्या राखणीला ज्यांच्यावर गुन्हेगारीचा शिक्का होता अशी माणसं ठेवली, आणि त्यांच्यावर भरवसा टाकला. पुतणे शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं, त्याचं पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. यंत्रवेड्या माणसाच्या माळावर मासिक निघतं, म्हणजे मालकाने आपल्या आवडीपलीकडच्या गोष्टींना जागा दिली होती.

माझ्या मते किर्लोस्करवाडीकडून शिकायचं ते हे. जिद्द असणारे पुष्कळ असतात. आपल्या जिद्दीशेजारी दुसऱ्या स्वभावाच्या माणसाला खुर्ची देणारे थोडे. तात्यांकडेही दिवाणजी होते. खुर्ची होती, पण त्यांच्या बोलण्याला वजन नव्हतं. आणि मी, ज्याला ते वजन देता आलं असतं, त्याने तात्यांच्या गोड बोलण्यावर सही केली.

काकिनाडाचा प्रयोग

इथे एक शंका येते. मग स्वभावच बदलता येतो का? याचा प्रयोग भारतात झालेला आहे. डेव्हिड मॅक्लेलंड हे हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ. 'द अचीव्हिंग सोसायटी' हे त्यांचं पुस्तक १९६१ चं. देशाची भरभराट लोकांमधल्या करून दाखवण्याच्या आसेवर अवलंबून असते, असा त्यांचा सिद्धान्त. तो तपासायला ते १९६४ मध्ये आंध्रातल्या काकिनाडाला आले आणि तिथल्या छोट्या व्यावसायिकांना काही दिवसांचं प्रशिक्षण दिलं. त्यावर डेव्हिड विंटर यांच्याबरोबरचं पुस्तक १९६९ मध्ये आलं. प्रशिक्षण घेतलेले लोक पुढे जास्त हालचाल करताना दिसले, असं त्यात मांडलं आहे. पण त्यातलीच एक गोष्ट बघा: फरक मुख्यतः दिसला तो ज्यांच्या हातात धंद्याचा निर्णय होता त्यांच्यात. जे घरच्या पेढीवर काका-मामांच्या हाताखाली बसले होते, त्यांची आस वाढून उपयोग काय?

म्हणजे गुण असून भागत नाही. गुणाला हात-पाय हलवायला जागा लागते.

आणि म्हणूनच "मराठी माणसाला धंदा जमत नाही, त्याचा स्वभावच तसा" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. एका मालकाला स्वभावाच्या एका तराजूत तोलणं अवघड, तिथे आपण कोट्यवधी माणसं एका पारड्यात टाकतो. ज्याच्या मागे पेढी नाही, उधार देणारा नातलग नाही, बाजारात ओळखीचा अडत्या नाही, तो सावध वागला तर त्याला आपण स्वभाव म्हणतो. अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्याला भित्रा म्हणायच्या आधी अंथरूण मोजा की.

मग करायचं काय

शोधनिबंधावर टीका केली, आता त्याचं ऋण मान्य करतो. स्वभाव धोरणात उतरतो, हे त्याने दाखवलं. मी त्याला एवढीच पुस्ती जोडतो: तो स्वभाव गुण ठरणार की दोष, हे मालकाबाहेरच्या गोष्टी ठरवतात. गिऱ्हाइकं किती, पैसे कधी येतात, आणि 'नाही' म्हणणारं शेजारी कोण आहे. स्वभाव बदलायच्या शिबिरांवर माझा फारसा विश्वास नाही. पन्नाशीचा माणूस बदलत नाही. पण त्याच्याभोवतीची मांडणी बदलता येते.

कायद्याचंच बघा. २००६ चा कायदा सांगत होता, तुझे पैसे अडकले तर तू तक्रार कर. म्हणजे भांडखोर मालकाला उपयोग, तात्यांना नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यात ४३ बी कलमाखाली जी तरतूद आली, तिचा विचार वेगळा आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च वजा धरता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळेल. इथे मालकाने भांडायची अट नाही. मोठ्या कंपनीचा हिशेबनीसच मार्चमध्ये घाबरतो. ही तरतूद पुरेशी आहे असं मी म्हणत नाही. या तरतुदीच्या धाकाने मोठी गिऱ्हाइकं लहान पुरवठादाराला टाळतील, अशी भीतीही व्यापारी बोलून दाखवतात, आणि ती अगदीच पोकळ नाही. पण मऊ स्वभावाच्या माणसालाही उपयोगी पडेल असा नियम कसा दिसतो, ते यात दिसतं.

आणि तुमच्यापैकी जे मालक आहेत त्यांच्यासाठी एक घरचा अभ्यास. गेल्या तीन वर्षांत तुम्ही जे निर्णय घेतले नाहीत, त्यांची यादी करा. घेतलेल्यांची नको, ती पाठ असते. न घेतलेल्यांची. प्रत्येकापुढे लिहा, का नाही घेतला? पैसे नव्हते? गिऱ्हाइकाची भीती होती? की नुसतं मला आवडत नव्हतं? यादी झाली की ती तुमच्या हिशेब लिहिणाऱ्या माणसाला दाखवा, आणि तो काय बोलतो ते मध्ये न बोलता ऐका. शेवटचं काम अवघड आहे.

प्रश्नोत्तरांतून

एका ताईंनी विचारलं, "माझ्या वडिलांचा मसाल्यांचा धंदा आता मी बघते. लोक म्हणतात, वडिलांसारखी धडाडी तुझ्यात नाही. मी काय करू?"

ताई, वडिलांनी धंदा सुरू केला तेव्हा त्यांच्याकडे घालवण्यासारखं काय होतं? आज तुमच्याकडे काय आहे, किती बायका कामाला आहेत? (उत्तर: चौदा.) चौदा जणींचा पगार डोक्यावर असताना सावध राहणं ही तुमच्या जागेची गरज आहे. धडाडी कमी म्हणून खंत करू नका. पण एक करा. तुमच्याकडे दुकानदारांकडे फिरणारं कोण आहे?

"एक मावशी आहेत. वडिलांच्या वेळेपासून. फार फटकळ आहेत, वडिलांशी सारखी भांडणं व्हायची."

मग त्यांना सोडू नका. महिन्यातून एकदा त्यांना समोर बसवून विचारा, आपण कुठे चुकतोय. वडील धडाडीने धंदा चालवत होते असं लोक म्हणतात. मला वाटतं, त्या धडाडीला लगाम घालायला मावशी होत्या. तुमच्या बाबतीत त्या उलटं काम करतील, तुम्हाला थोडं ढकलतील.

तात्या अजून आहेत. मध्ये एका लग्नात भेटले. मी म्हटलं, "तात्या, त्या वेळी मी तुम्हाला कर्ज द्यायला नको होतं." ते हसले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही नसतं दिलं तर दुसऱ्या बँकेनं दिलं असतं. दिवाणजींचं मात्र ऐकायला पाहिजे होतं." दिवाणजी दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या नावाची एकही ओळ त्या फाइलीत नाही. असायला हवी होती.